संख्या आणि अंकलेख : ६१७४ या संख्येच्या गुणधर्मांचे वर्गीकरण

यवतमाळच्या बाजारात कापसाच्या पावतीवर ‘६१७४’ असा आकडा लिहिला, तर घरी मराठी बोलणारा, गोंडी बोलणारा, कोलामी बोलणारा व गोरमाटी बोलणारा असे चारही साक्षर शेतकरी तो आकडा सारखाच ओळखतात. उच्चार मात्र सारखा असेलच असे नाही. मराठी वाचक ‘सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर’ असे वाचतो, आणि ‘चौऱ्याहत्तर’ या शब्दात एकमस्थानचा चार आधी येतो, दशमस्थानचे सत्तर मागून. वणी-पांढरकवड्याच्या पलीकडे आदिलाबादेकडे तेलुगू बोलणारा मनुष्य सत्तर आधी उच्चारतो आणि चार नंतर. प्राचीन ग्रंथकारांच्या भूतसंख्या-पद्धतीने हीच संख्या सांगावयाची झाल्यास ती ‘वेद-मुनि-चंद्र-रस’ अशी, म्हणजे एकमस्थानापासून उलट दिशेने, सांगावी लागेल. तात्पर्य, संख्या एक, तिची नावे अनेक, आणि त्या नावांहून निराळा असा तिचा अंकलेख हा तिसरा.

नाम आणि नामी यांतील हा भेद भाषाशास्त्राच्या अभ्यासकास नवा नाही. परंतु संख्यांच्या बाबतीत त्याचा वारंवार विसर पडतो आणि लेखाचे गुण संख्येच्या पदरी बांधले जातात. ६१७४ ही संख्या या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. तिची कीर्ती ज्या गुणधर्मामुळे झाली, तो गुणधर्म मुळात संख्येचा आहे की तिच्या अंकलेखाचा, या प्रश्नावर एका मराठी गणितज्ञाच्या कार्याचे मूल्यमापन अवलंबून राहिले आहे.

१. कापरेकरांचा शोध

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ पर्यंत नाशिकजवळील देवळाली येथे त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. आपले पुष्कळसे लेखन त्यांनी छोट्या पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच प्रसिद्ध केले. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

१९४६ साली त्यांच्या ध्यानात आलेली गोष्ट अशी. सर्व अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी, आणि येणाऱ्या वजाबाकीवर हीच क्रिया पुनःपुन्हा करीत जावे. वजाबाकीत चारांहून कमी अंक आल्यास डावीकडे शून्य लिहून चार स्थाने पुरी करावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि ती आली की क्रिया तेथेच स्थिरावते. कारण ७६४१ उणे १४६७ म्हणजे ६१७४ च. मद्रास येथील १९४९ च्या गणित परिषदेत हा शोध त्यांनी मांडला, आणि १९५५ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात ६१७४ वरील त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या मार्च १९७५ च्या अंकात त्यांच्या कार्याची ओळख करून दिल्यावर ६१७४ ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली.

२. संख्येचे स्वतःचे गुणधर्म

अंकलेख बाजूस ठेवला तर ६१७४ बद्दल काय म्हणता येते, हे प्रथम पाहावयाचे आहे. तिचे मूळ अवयव २, ३ आणि ७ हे असून ती २ × ३² × ७³ इतकी आहे. त्यावरून तिला एकंदर २४ विभाजक आहेत, हे कळते. सर्व विभाजकांची बेरीज १५,६०० भरते. त्यांतून ती संख्या स्वतः वगळली तर ९,४२६ उरतात. ही बेरीज मूळ संख्येहून मोठी असल्यामुळे ६१७४ ची गणना विपुल संख्यांत होते. सातचा घातांक विषम असल्यामुळे ती दोन पूर्ण वर्गांच्या बेरजेच्या रूपात मांडता येत नाही.

आणखी एक गुणधर्म विशेष सुंदर आहे. १८, १८ चा वर्ग ३२४ आणि १८ चा घन ५,८३२ यांची बेरीज ६१७४ होते. याचे कारण असे की १ + १८ + ३२४ = ३४३, आणि ३४३ म्हणजे ७ चा घन. एखादी धन पूर्ण संख्या, तिचा वर्ग व एक यांची बेरीज पूर्ण घन असावी, अशी १८ ही एकमेव संख्या आहे, असे सिद्ध झालेले आहे.

ही सर्व विधाने ६१७४ दशमान पद्धतीने लिहिली, सातच्या पायावर ‘२४०००’ अशी लिहिली, द्विमान पद्धतीने ‘११०००००0११११०’ अशी लिहिली किंवा तितके खडे जमिनीवर मांडले, तरी खरीच राहतात. त्यांना संख्यागत गुणधर्म म्हणता येईल.

३. अंकलेखाचे गुणधर्म

कापरेकरांनी ज्या संख्यावर्गांना नावे दिली, ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचे आहेत. १९५५ साली त्यांनी ‘हर्षद’ संख्या वर्णिल्या. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, ती हर्षद; हर्ष देणारी, असा या नावाचा विग्रह. इंग्रजी ग्रंथांत याच वर्गाला आयव्हन निव्हेन यांच्या नावाने ‘निव्हेन संख्या’ असेही म्हणतात. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८ आणि ६१७४ भागिले १८ बरोबर ३४३. म्हणून ती हर्षद होय.

‘स्वयंभू’ किंवा ‘देवळाली’ संख्यांची कल्पनाही अशीच. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली की नवी संख्या जन्मते. पहिली दुसरीची जनक. जिला असा जनक मुळीच नाही, ती स्वयंभू. ६१५६ च्या अंकांची बेरीज १८. ती त्या संख्येत मिळविली की ६१७४ येते. म्हणजे ६१७४ ला जनक आहे आणि ती स्वयंभू नव्हे.

येथे परिभाषेतील एक घोटाळा टाळला पाहिजे. ‘कापरेकर संख्या’ हा वर्ग निराळा आहे. २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे ८८ आणि २०९ असे दोन भाग करून बेरीज घेतली तर पुन्हा २९७ येतात. अशा संख्येस कापरेकर संख्या म्हणतात. ६१७४ चा वर्ग ३,८१,१८,२७६ आहे. त्याच्या ३८११ व ८२७६ या भागांची बेरीज १२,०८७ होते. तेव्हा ६१७४ हा कापरेकर स्थिरांक आहे, परंतु ती कापरेकर संख्या नाही. एकाच व्यक्तिनामावरून दोन संज्ञा पाडल्या की असा संभ्रम होतो. ‘हर्षद’, ‘स्वयंभू’ यांसारख्या अन्वर्थक संज्ञांत तो होत नाही.

वरील तिन्ही वर्गांची व्याख्या ‘अंक’ या शब्दाशिवाय करताच येत नाही. सातच्या पायावर ६१७४ चा लेख ‘२४०००’ असा होतो, त्याच्या अंकांची बेरीज ६ होते. अठराच्या पायावर तो ‘१११०’ असा होऊन बेरीज ३ होते. संख्या तीच, बेरजा निरनिराळ्या. असे गुणधर्म लेखगत होत.

४. ६१७४ च का?

कापरेकरांच्या क्रियेत गूढ असे काही नाही, हे थोड्या बीजगणिताने स्पष्ट होते. उतरत्या क्रमाने मांडलेले अंक क, ख, ग, घ मानावे. मोठ्या मांडणीतून लहान मांडणी वजा केली की जी बाकी उरते ती ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) इतकी असते. म्हणजे बाकी चार अंकांवर अवलंबून नसून केवळ दोन अंतरांवर अवलंबून आहे : बाहेरच्या अंकांचे अंतर आणि आतल्या अंकांचे अंतर. पहिले १ पासून ९ पर्यंत काहीही असू शकते, आणि दुसरे ० पासून पहिल्याइतके. अशा जोड्या एकंदर ५४ च होतात. सर्व अंक सारखे असलेल्या दहा मांडण्या वगळल्यास चार स्थानांच्या ९,९९० मांडण्या उरतात. त्या सर्व पहिल्याच पायरीत या ५४ जोड्यांत सामावतात.

उदाहरणार्थ, कापरेकरांच्या जन्माचे वर्ष १९०५ घेतले, तर ९५१० उणे ०१५९ म्हणजे ९३५१ येतात. पुढील पायऱ्या ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ अशा होतात, एकंदर सात. शोधाचे वर्ष १९४६ आणि निधनाचे वर्ष १९८६ घेतले, तर दोन्हींत बाहेरचे अंतर ८ व आतले २ असल्यामुळे पहिलीच बाकी ८१७२ येते आणि तेथून वाट तीच. ५४ जोड्यांपैकी प्रत्येकीपासून पुढची जोडी कोणती, याचा तक्ता कोणाही विद्यार्थ्यास एका बैठकीत करता येईल. सर्व वाटा बाहेरचे अंतर ६ व आतले अंतर २ या एकाच जोडीस मिळतात, आणि ९९९ × ६ + ९० × २ म्हणजे ६१७४. तक्ता पुरा झाला की सिद्धताही पुरी होते.

६१७४ हर्षद का, याचेही उत्तर येथेच मिळते. या क्रियेत येणारी प्रत्येक बाकी नवाच्या पटीत असते, आणि आतले अंतर शून्य नसेल तर तिच्या अंकांची बेरीज १८ च येते. शिवाय बाहेरचे अंतर सम असेल तर बाकीही सम असते, म्हणून तिला १८ ने भाग जाणारच. भागाकार सातचा घन यावा, हे मात्र क्रियेच्या नियमातून निघत नाही. संख्यागत आणि लेखगत अशा दोन वाटा १८ या संख्येपाशी एकत्र येतात, तो केवळ योग आहे. ‘चमत्कारिक संख्या’ म्हणून लिहिल्या जाणाऱ्या लेखांत हे दोन्ही गुण एकाच माळेत ओवले जातात. त्यांची जात निराळी आहे, हे वर्गीकरणाने कळते.

५. पाया बदलला तर

एखादा गुणधर्म लेखगत आहे की नाही, हे ठरविण्याची कसोटी सोपी आहे : लेखनपद्धती बदलून पाहावी. पाचाच्या पायावर चार स्थानांच्या मांडण्यांना हीच क्रिया लावली तर ५४ ऐवजी १४ च जोड्या तपासाव्या लागतात, आणि त्या सर्व ‘३०३२’ या लेखाशी येऊन थांबतात. हा लेख म्हणजे आपल्या नेहमीच्या गणनेतील ३९२. दशमानातही स्थाने बदलली की फळ बदलते. तीन स्थाने घेतली तर ४९५ हा स्थिरांक मिळतो. दोन स्थाने घेतली तर स्थिरांक मिळत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र फिरत राहते. पाच स्थानांतही स्थिरांक नाही. सहा स्थानांत ५४९९४५ व ६३१७६४ असे दोन आहेत.

वीसाच्या पायाचे उदाहरण मराठी वाचकास अगदी परके वाटू नये. कापडाची ‘कोडी’ वीस नगांची आणि जुन्या मापातील ‘खंडी’ वीस मणांची असे. रुईचा भाव आजही खंडीवर बोलला जातो. ही मोजणी पुढे वाढून वीसाच्या पायाचे स्थानमूल्यलेखन झाले असते, तर ६१७४ चा लेख तीनच स्थानांचा, अनुक्रमे पंधरा, आठ आणि चौदा अशा अंकांचा झाला असता. तीन स्थानांचा स्थिरांक त्या पद्धतीत ३९९० येतो. ६१७४ तेथे गर्दीतली एक संख्या ठरली असती. तिची विपुलता मात्र कायम राहिली असती, आणि तिचे १८ शी असलेले नातेही.

६. हार्डींचा आक्षेप

जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचा दाखला दिला आहे. पहिली २१७८ च्या चौपट आणि दुसरी १०८९ च्या नऊपट. म्हणजे दोन्ही आपल्या उलट्या लेखाच्या पटीत आहेत. अशा गोष्टी कोड्यांच्या सदरास शोभतात, गणितज्ञास त्यांत घेण्यासारखे काही नाही, कारण त्यांतून व्यापक असे काही निघत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. कापरेकरांचा शोध त्यानंतर सहा वर्षांचा. परंतु अंकांशी खेळणारा म्हणून त्यांची जी उपेक्षा झाली, तिच्या मागे हाच दृष्टिकोन होता.

या आक्षेपातील तथ्य नाकारता येणार नाही. ६१७४ पुरतेच बोलावयाचे तर तो गुणधर्म एखाद्या भाषेतील श्लेषासारखा आहे. श्लेष त्या भाषेत खरा असतो. भाषांतर होताच तो नाहीसा होतो. श्लेषावरून वस्तूंच्या स्वरूपाबद्दल अनुमान काढणे जसे चुकीचे, तसेच अंकलेखावरून संख्येच्या स्वरूपाबद्दल अनुमान काढणे चुकीचे.

तथापि, श्लेष मुळात संभवतो कसा, याचा विचार करणे हे भाषाशास्त्राचे काम आहे, आणि तो विचार कोणत्याही एका भाषेपुरता राहत नाही. कापरेकरांच्या क्रियेचेही असेच आहे. पाया हा दहाच न धरता कोणताही धरला आणि तीन स्थाने घेतली, तर बाहेरच्या अंतरापासून पुढचे अंतर काढण्याचा नियम असा मिळतो : पायातून ते अंतर वजा करावे, त्या अंतरातून एक वजा करावा, आणि दोहोंपैकी मोठे घ्यावे. या एका नियमावरून पुढील प्रमेय हाती येते : पाया सम असेल तर क्रिया नेहमी एकाच स्थिरांकाशी थांबते, पाया विषम असेल तर ती दोन संख्यांच्या चक्रात फिरते. ४९५ आणि ३९९० ही या प्रमेयाची दोन उदाहरणे. हे विधान कोणत्याही एका अंकलेखाचे नाही. स्थानमूल्यावर आधारलेल्या सर्व लेखनपद्धतींचे आहे. पाया चल मानताच त्या क्रियेचे व्याकरण तयार होते.

हार्डींनी ज्या ९८०१ ची हेटाळणी केली, तिलाही हेच लागू पडते. ९८०१ हा ९९ चा वर्ग आहे, म्हणजे पायाच्या वर्गातून एक वजा करून उरलेल्या संख्येचा वर्ग. कोणत्याही पायावर, तिहीहून मोठा असल्यास, या रीतीने काढलेली संख्या आपल्या उलट्या लेखाच्या ‘पाया उणे एक’ पट असते. पाचाच्या पायावर ‘४३०१’ म्हणजे ५७६, आणि ती ‘१०३४’ म्हणजे १४४ ची चौपट. हार्डींचा व्यापकतेचा निकष योग्यच होता. उदाहरण मात्र त्या निकषावर नापास होत नाही.

७. भाषेची साक्ष

संख्या वस्तूंपासून सुटी होऊन अंकलेखापर्यंत कशी पोहोचते, याची साक्ष यवतमाळ जिल्ह्यातील भाषांतच मिळते. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांत कोलाम लोकांची वस्ती आहे. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा; तिच्यावरील मरे बी. एमेनो यांचा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. कोलामीत दोन पुरुष, दोन स्त्रिया आणि दोन वस्तू यांसाठी ‘दोन’ या संख्येची तीन निराळी रूपे आहेत. मराठीस हे अपरिचित नाही : ‘दोघे’, ‘दोघी’ आणि ‘दोन’, ‘तिघे’, ‘तिघी’ आणि ‘तीन’. चारापुढे मात्र हा भेद क्षीण होत जातो आणि ‘पाचजण’, ‘सहाजण’ अशी सरसकट रचना सुरू होते. संख्या लहान असते तोवर मोजलेल्या वस्तूची खूण तिच्या नावावर राहते. ती वाढली की नाव सुटे होते.

सुट्या नावालाही स्वतःचा क्रम असतो, आणि तो लेखाच्या क्रमाशी जुळतोच असे नाही. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ या संख्येचे ‘वीस एक’ असे वाचन सुचविले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. एका बाजूस लेखाशी जुळणारे सुलभ वाचन होते, दुसऱ्या बाजूस शतकानुशतके रुळलेले शब्द. वाद संख्येविषयी नव्हता. एकवीस ही संख्या दोन्ही पक्षांस मान्यच होती. तो तिच्या नावाविषयी आणि लेखाविषयी होता. उच्चारांतील अंकक्रम धरून कापरेकरांची क्रिया केली तरी फळ तेच येते, कारण त्या क्रियेत अंक नव्याने मांडले जातात. परंतु मुळात ‘अंक’ आणि ‘स्थान’ या कल्पनाच लेखातून आलेल्या आहेत. रोमन लेखनपद्धतीत कापरेकरांचा प्रश्न विचारताही येत नाही.

८. निष्कर्ष

यावरून संख्याविषयक गुणधर्मांचे तीन वर्ग करणे उचित दिसते. पहिला, संख्यागत : ६१७४ ही विपुल आहे, ती १८, त्याचा वर्ग आणि घन यांची बेरीज आहे. दुसरा, लेखगत : दशमानात ती हर्षद आहे, चार स्थानांच्या कापरेकर क्रियेचा ती स्थिरांक आहे. तिसरा, पद्धतिगत : सम पायावर तीन स्थानांचा एकच स्थिरांक असतो आणि विषम पायावर नसतो. दुसऱ्या वर्गातील विधान करताना पायाचा व स्थानसंख्येचा उल्लेख केलाच पाहिजे. तो गाळला की विधान अपुरे राहते. ध्वनिविषयक विधान करताना भाषेचे नाव गाळावे, तसाच हा दोष होय.

कापरेकरांना संख्यांचे जादूगार म्हणून गौरविणारे आणि अंकांचे खेळगडी म्हणून दूर सारणारे, असे दोन्ही पक्ष दुसऱ्या वर्गापाशीच थांबतात. देवळालीच्या त्या शिक्षकाने दशमान लेखनपद्धतीचे निरीक्षण एखाद्या बोलीच्या क्षेत्रीय अभ्यासकाने करावे तसे, एकेक रूप टिपून आणि नाव देऊन केले. अशा नोंदींवाचून तिसऱ्या वर्गातील प्रमेयांचा प्रश्नही कोणास सुचला नसता.